घरगुती विजेचें बिल आणि शेतकऱ्याचा हिशेब

शेतकीच्या मासिकांत घरच्या वीजबिलाची चर्चा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. खतें, बियाणें, कापसावरील कीड, सोयाबीनचे भाव हे आपले नेहमींचे विषय. त्यांत हा परका पाहुणा कोठून आला, असेंही कोणी म्हणेल. परंतु नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही बऱ्यापैकीं शेतकऱ्याच्या घरखर्चाची वही उघडून पाहिली, तर पूर्वीं जी रक्कम रॉकेलच्या डब्यास लागे व कोणाच्या डोळ्यांत भरत नसे, तिच्या जागीं आज दरमहा हजार-दोन हजारांचा एक ठोक आंकडा बसलेला दिसेल. हा आंकडा उन्हाळ्यांत फुगतो, पावसाळ्यांत ओसरतो, मध्येंच एखाद्या महिन्यांत दुप्पट होतो. आणि तो कां चढला व कां उतरला हें घरांतील कर्त्या माणसासही बहुधा सांगतां येत नाहीं. ज्या खर्चाचें कारण ठाऊक नाहीं, तो खर्च आटोक्यांत येत नाहीं. एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. साऱ्याच्या पावतीवरील प्रत्येक रुपया तपासून घेणारा, गटनंबर चुकला तर चावडीवर येऊन दोन तास हटून बसणारा शेतकरी आम्हीं पुष्कळ पाहिला. तोच शेतकरी वीजबिल हातीं आल्यावर फक्त रक्कम व मुदत या दोन गोष्टी पाहतो आणि कागद खुंटीस लावून देतो. वस्तुतः हें बिल म्हणजेही एक जमाबंदीच आहे. तिचे नियम आहेत, टप्पे आहेत, चुकीबद्दल दाद मागण्याची सोय आहे. आमचें म्हणणें असें कीं, बिल वाढविणारीं कांहीं कारणें घराच्या उंबरठ्याआंत आहेत, कांहीं गांवच्या डीपीपाशीं आहेत, व कांहीं मुंबईस आहेत. पहिल्यांचा बंदोबस्त प्रत्येकानें आपापला करावा, दुसऱ्यांचा गांवानें मिळून करावा, आणि तिसऱ्यांबद्दल संघटितपणें बोलावें. या तिसऱ्या भागांत आम्ही जें सांगणार आहों तें कित्येक वाचकांस रुचणार नाहीं. तरी तें शेवटपर्यंत वाचावें अशी विनंति आहे.

थोडा पूर्ववृत्तांत.— आपला प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा घटक झाला. त्याच वर्षीं २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. पूर्णा नदीवरील येलदरीचें साडेबावीस मेगावॉटचें जलविद्युत केंद्र व १९७१ मध्यें सुरू झालेलें परळीचें औष्णिक केंद्र हीं मराठवाड्याच्या अंगणांतील विजेचीं दोन ठिकाणें. तरीही खेड्यापाड्यांत वीज उशिरानें पोंचली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ मध्यें विभागवार अनुशेष मोजला, त्यांत विजेचाही अनुशेष होता. पुढें २००३ च्या वीज कायद्यानें जुनी व्यवस्था मोडली व ६ जून २००५ रोजीं मंडळाचे भाग पडून वीज उत्पन्न करणारी, वाहून नेणारी व घरोघर वांटणारी अशा निरनिराळ्या कंपन्या झाल्या. आपल्यास बिल पाठविते ती महावितरण. परंतु दर ती स्वतः ठरवीत नाहीं. तो १९९९ मध्यें स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो, आणि तत्पूर्वीं लोकांच्या हरकती मागवून जाहीर सुनावणी घेतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण लेखाच्या शेवटीं तिच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

बिलाची फोड.— बिलाची रक्कम पांच घटकांची बनते. पहिला स्थिर आकार. घरांत एकही दिवा लावला नाहीं तरी तो द्यावा लागतो. दुसरा वीज आकार. हा वापरलेल्या युनिटांवर. तिसरा वहन आकार; तारा, खांब व रोहित्रें यांतून वीज आणून पोंचविण्याचें तें भाडें समजावें. चौथा इंधन समायोजन आकार. कोळसा किंवा विकत घेतलेली वीज अंदाजापेक्षां महाग पडली, तर तो फरक मागाहून या नांवानें वसूल होतो. पांचवें वीज शुल्क. हें कंपनीचें नसून राज्य सरकारचें, व घरगुती ग्राहकास वरील सर्व आकारांवर शेंकडा १६ प्रमाणें पडतें.

वीज आकाराचे चार टप्पे आहेत: पहिलीं १०० युनिटें, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढील. आयोगाच्या ३१ मार्च २०२३ च्या आदेशानें २०२४-२५ सालाकरितां पहिल्या टप्प्यास युनिटामागें ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्यास १० रुपये २९ पैसे, व तिसऱ्यास १४ रुपये ५५ पैसे असा दर ठरला होता. वहन आकार सर्वांस १ रुपया १७ पैसे, व सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार महिन्यास १२८ रुपये. त्यानंतर २०२५ मध्यें दरांचे नवे आदेश निघाले व त्यांवर वादही झाले. म्हणून आजचा दर प्रत्येकानें आपल्या चालू बिलावर पाहावा. हिशेबाची रीत समजण्यास मात्र वरील आंकडे पुरेसे आहेत.

इंधन समायोजन आकार बाजूस ठेवून या दरांनीं आंकडेमोड केली, तर १०० युनिटांचें बिल शुल्कासह सुमारें ८३१ रुपये होतें. २०० युनिटांचें २,१६० रुपये. आणि ३०० युनिटांचें ३,४८९ रुपये. म्हणजे वापर दुप्पट झाला असतां बिल अडीचपटीहून अधिक, व वापर तिप्पट झाला असतां बिल चौपटीहून अधिक. पहिल्या शंभरांतील युनिट शुल्क धरून ६ रुपये ८२ पैशांस पडतें, तर शंभरावरील युनिट १३ रुपये २९ पैशांस. कित्येकांची समजूत आहे कीं, १०१ वें युनिट पडतांच साऱ्याच युनिटांस वरचा दर लागतो. ती खरी नाहीं. वरचा दर फक्त शंभरावरील युनिटांसच लागतो. तथापि शंभराची ही रेषा म्हणजे शेताच्या बांधासारखी आहे. बांधाच्या अलीकडे व पलीकडे जमीन एकच दिसते, पण किंमत निराळी.

वांटणी झाली, मीटर एकच.— या टप्प्यांचा एक परिणाम आपल्या एकत्र कुटुंबांवर विशेष होतो. भावाभावांची वांटणी होते, चुली निराळ्या होतात, शिधापत्रिकाही निराळ्या होतात. परंतु वाडा एक म्हणून मीटर एकच राहतें. दोन भावांचीं शंभर-शंभर युनिटें एका मीटरवर पडलीं कीं बिल २,१६० रुपये होतें. तींच दोन मीटरांवर पडलीं तर, दोन्ही स्थिर आकार धरूनही, १,६६१ रुपये होतें. महिन्यास पांचशे व वर्षास सहा हजार रुपये केवळ कागद न केल्यामुळें जातात. जेथें संसार खरोखर निराळे झाले आहेत, तेथें ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा व निराळी शिधापत्रिका जोडून स्वतंत्र जोडणी मागावी. मात्र चूल एक असतां बिल कमी करण्यासाठीं कागदोपत्रीं दोन घरें दाखविणें अयोग्य होय; अशी लबाडी तपासणींत टिकतही नाहीं.

घरांतील खादाड वस्तु.— कोणती वस्तु किती वीज खाते, याचा अंदाज बहुतेकांस उलटा असतो. लोक दिवे मालवीत फिरतात, आणि खरी उधळपट्टी न्हाणीघरांत व छतास चालू राहते. एक उदाहरण घेऊं. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पांच तास जळाले तर महिन्यास साडेपांच युनिटेंही होत नाहींत. जुन्या धाटणीचे ७५ वॉटचे दोन पंखे रोज बारा तास चालले तर ५४ युनिटें. फ्रीजचीं अदमासें ३०, दूरदर्शन संचाचीं ७, आणि हौदांतील पाणी टाकीवर चढविणाऱ्या लहान मोटारीचीं १५. एकूण बेरीज ११२ च्या सुमारास, म्हणजे बांधाच्या पलीकडे. आतां तेच दोन पंखे नव्या, बीएलडीसी जातीचे, सुमारें ३० वॉटचे बसविले, तर ५४ युनिटांचीं साडेएकवीस होतात व बेरीज ८० च्या आंत येते. वरील दरांनीं महिन्यास सुमारें २९५ रुपये वांचतात. असा पंखा अडीच-तीन हजारांस मिळतो. वर्षांतील आठ-नऊ महिने पंखे चालतात असें धरलें तरी दोन-अडीच वर्षांत किंमत वसूल. पीठगिरणीच्या मालकास हा हिशेब समजावून सांगावा लागत नाहीं. गृहस्थानेंही तो करावा.

आंघोळीचें पाणी ही दुसरी बाब. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर नेण्यास जवळजवळ अर्धें युनिट लागतें. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, यंत्र महाग घेतल्यानें तो बदलत नाहीं. घरांत पांच माणसें असलीं तर महिन्यास ७० युनिटें केवळ न्हाणींत गेलीं, आणि तीं शंभरावरचीं असलीं तर ९३० रुपये झाले. ज्या घरामागें पऱ्हाट्यांचा व तुराट्यांचा ढीग उधईच्या स्वाधीन झालेला असतो, त्या घरांत विजेच्या कांडीनें पाणी तापवावें यास काय म्हणावें? तांब्याचा बंब अडगळींतून बाहेर काढावा, अथवा ऐपत असल्यास उन्हावर पाणी तापविण्याचें यंत्र छपरावर बसवावें.

तिसरी बाब उन्हाळ्याची. वैशाखांत नांदेडची हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते, तेव्हां कूलर लावूं नये असा उपदेश आम्ही करणार नाहीं. परंतु पावणेदोनशे वॉटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्यास ५० हून अधिक युनिटें वाढतात, व तीं सर्व वरच्या दरानें. दीड टनाचें वातानुकूलन यंत्र रात्रभर चालविलें तर एका रात्रींत आठ-दहा युनिटें सहज जातात. असें घर तिसऱ्या टप्प्यांत गेलें तर नवल नाहीं. पत्र्यावर पांढरा चुना देणें, पश्चिमेच्या भिंतीस सावली करणें, हे जुने उपाय स्वस्त आहेत व आजही लागू पडतात.

लातूरकडे आणखी एक खर्च आहे, तो खोल पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. तेव्हांपासून व तत्पूर्वींही जो तो बोअर अधिकाधिक खोल घेत गेला. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलण्यास, मोटारीची नेहमींची कार्यक्षमता धरतां, सुमारें पाऊण युनिट लागतें. पाणी दोनशे मीटरांवर गेलें कीं दीड युनिट. पाण्याची पातळी खालावली कीं वीजबिल वर चढतें. म्हणून छपरावरचें पावसाचें पाणी बोअरजवळ जिरविणें हें केवळ पुण्यकर्म नव्हे, तर बिल उतरविण्याचा उपाय आहे. तीच गोष्ट कडबाकुट्टीची: दोन अश्वशक्तीची मोटार भर लोडावर तासास पावणेदोन-दोन युनिटें खाते, पातें बोथट असलें तर तेंच काम करण्यास वेळ अधिक लागतो. पातें धारदार ठेवावें.

बिल तपासण्याची रीत.— मागील रीडिंग व चालू रीडिंग मीटरशीं ताडून पाहावें. घर बंद होतें किंवा रीडिंग झालें नाहीं या सबबीवर सरासरीचें बिल आलें, व पुढें तीन महिन्यांचीं युनिटें एकाच बिलांत आलीं, तर तीं महिन्यांवर वांटून टप्प्यांचा लाभ दिला आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास लेखी मागावा. घरांतील सर्व बटणें बंद करून मीटर पाहावें. तरीही तें चालत असेल तर कोठें तरी गळती आहे किंवा कोणी आपल्या वायरीवर हात मारला आहे. वर्षांतून एकदां सुरक्षा ठेवीची मागणी येते. तो दंड नव्हे. ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव असते व तिच्यावर व्याज मिळतें. व्याज जमा झालें कीं नाहीं तें बघावें. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास शेंकडा १ सूट मिळते, आणि मुदत टळल्यास शेंकडा सव्वा जादा पडतो. या दोहोंमधील सव्वादोन टक्के हे आळसाचें मोल होय. तक्रार कार्यालयांत ऐकली गेली नाहीं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, व त्यावर विद्युत लोकपाल आहे. अर्ज लेखी द्यावा, पोंच घ्यावी, नक्कल जपावी. दप्तरांत तोंडी तक्रारीस वजन नसतें, एवढें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

गांवची डीपी.— आतां उंबरठ्याबाहेर येऊं. वीज तारेंतून येतांना कांहीं अंश नैसर्गिकरीत्या नष्ट होतो. परंतु तारेवर आंकडा टाकून जी नेली जाते, ती नष्ट झाली म्हणतां येत नाहीं, ती चोरीस गेली. त्या विजेचें मोल कंपनी आपल्या खिशांतून देत नाहीं. आयोगानें मान्य केलेल्या मर्यादेपर्यंतची हानि दरांत मिळविली जाते व प्रामाणिक ग्राहक ती भरतो. भारनियमनाच्या दिवसांत हानीच्या व वसुलीच्या प्रमाणावरून फीडरांचे ए पासून जी पर्यंत गट पाडलेले होते, आणि खालच्या गटांतील गांवांस अधिक तास अंधारांत बसावें लागे. त्यांत बिल वेळेवर भरणारेही बसत. लग्नाच्या मांडवासाठीं, गणपतीच्या आराशीसाठीं टाकलेला आंकडा गांवांत कोणास लाजिरवाणा वाटत नाहीं, हें दुर्दैव होय. शेजाऱ्याच्या बांधावरची चार कणसें तोडलीं तर पंचायत बसते. शेजाऱ्याच्या बिलांतून वीज तोडली तर कोणी बोलत नाहीं.

पंपांवर कपॅसिटर न बसविल्यामुळेंही रोहित्रावर फुकटचा भार पडतो, दाब उतरतो, मोटारी जळतात. २००५ च्या सुमारास अक्षय प्रकाश योजनेंत कित्येक गांवांनीं संध्याकाळच्या तासांत पंप स्वखुशीनें बंद ठेवून घरचे दिवे चालूं दिले होते. गांवानें मनावर घेतलें तर काय होतें याचें हें उदाहरण आहे.

मुंबईंतील कारणें.— वीज स्वस्त कीं महाग हें प्रथम ती कोठून व कशी येते यावर ठरतें. परळीचें केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्यें पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. जी वीज स्वस्त ती आधीं घ्यावयाची असा नियम असल्यानें, दुरून कोळसा आणून महाग पडणाऱ्या परळीच्या संचांवर एरवींही स्वस्थ बसण्याची पाळी येत गेली. परंतु केंद्र बंद राहिलें म्हणून त्याचा स्थिर खर्च थांबत नाहीं. याचा मोठा धडा दाभोळनें दिला. एन्रॉन कंपनीच्या त्या ७४० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्याची वीज १९९९ पासून मंडळानें घेतली व ती इतकी महाग पडली कीं मे २००१ मध्यें घेणें बंद करावें लागलें. न घेतलेल्या विजेचेंही मोल द्यावें लागतें असा तो करार होता. करार मुंबईंत होतो, आणि त्याची सही वीस वर्षें आपल्या बिलांतून वठत राहते.

आतां तो अप्रिय मुद्दा. राज्य सरकारनें २०२४ मध्यें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर केली. सुमारें ४४ लाख शेतकरी व वर्षास १४,७६० कोटी रुपये, असे त्या वेळचे आंकडे. सवलतीबद्दल आम्हांस आनंद आहे. कोरडवाहू मुलखांतील शेतकऱ्याच्या गळ्याभोंवतीं थकबाकीचा फांस होता. २०२० च्या धोरणाच्या वेळीं ही थकबाकी राज्यभर चाळीस हजार कोटींच्या वर गेली होती. परंतु एक साधा भागाकार करून पाहावा. १४,७६० कोटींस ४४ लाखांनीं भागिलें असतां दर पंपामागें वर्षास सुमारें साडेतेहतीस हजार रुपये येतात. युनिटास पांच रुपये धरले तर हीं ६,७०० युनिटें झालीं. पांच अश्वशक्तीची मोटार तासास साडेचार युनिटें घेते असें मानलें, तर तेवढीं युनिटें जाळण्यास ती रोज आठ तास याप्रमाणें १८६ दिवस चालली पाहिजे. कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा या तालुक्यांतील किती विहिरींस १८६ दिवस आठ तास उपसा पुरेल इतकें पाणी असतें? माघ संपतां संपतां आमच्याकडील विहिरी तळ दाखवितात.

कोणी म्हणेल, ही राज्याची सरासरी आहे; कालव्यावरील ऊंसवाल्याचा पंप बारमास चालतो. तें खरें असूं शकेल. तसें असेल, तर आमच्या नांवानें निघालेली रक्कम दुसऱ्याच्या उसास गेली. आणि तसें नसेल, तर न मोजलेल्या पंपांच्या नांवावर चोरीची व गळतीची वीज लिहिली गेली. इचलकरंजीचे श्री. प्रताप होगाडे यांच्यासारखे ग्राहकांचे कैवारी हा दुसरा आक्षेप कित्येक वर्षें आयोगापुढें मांडीत आले आहेत. दोहोंपैकीं खरें कोणतें हें ठरविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणी. मोजणीशिवाय जमाबंदी होत नाहीं, हें महसुलाचें पहिलें सूत्र आहे.

यावर शेतकऱ्याचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे: "मीटर बसलें कीं उद्यां बिल येईल." भीति निराधार नाहीं. परंतु मीटर नसल्यानेंच शेतकऱ्यास आज 'फुकट्या' हें दूषण सोसावें लागतें, व आपण प्रत्यक्ष किती वीज वापरली हें सिद्ध करण्यास त्याच्यापाशीं कागद नसतो. शिवाय ही सवलत सर्वस्वीं खजिन्यांतून येत नाहीं. तिचा कांहीं भाग कारखाने, दुकानें व वरच्या टप्प्यांतील घरें यांच्या दरांत मिसळलेला असतो. मोठा कारखानदार स्वतःची सौर वीज करून या भारांतून निसटतो. मग तो भार मागें राहिलेल्यांवर पडतो, आणि मागें राहतों आपण, घरगुती ग्राहक म्हणून. लातूरच्या डाळमिलीस वीज महाग पडली, तर मालक ती तुरीच्या भावांत आपल्याकडून काढूं पाहणार. पंपाच्या बिलावर शून्य लिहिलेलें पाहून हर्ष मानावयाचा आणि घरच्या बिलावरील चढता आंकडा दैवावर टाकावयाचा, हा डोळसपणा नव्हे. म्हणून आमचें मत असें कीं, प्रत्येक पंपावर नाहीं तरी निदान प्रत्येक शेतीच्या डीपीवर चालू मीटर असावें, त्याचें रीडिंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरमहा लागावें, आणि ही मागणी शेतकऱ्यांनीं स्वतः करावी. सवलत राहावी, मोजणीही व्हावी.

सूर्याची वीज.— दिवसा सूर्यावर पंप चालवावे यासाठीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे व २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. यांतील वीज युनिटास तीन रुपयांच्या आसपास पडते. तिनें महाग विजेची जागा घेतली तर घरगुती दरावरील भारही हलका व्हावा. गांवांत पडीक गायरान असेल तर अशा प्रकल्पास विरोध करण्यापूर्वीं ग्रामसभेंत हा हिशेब मांडावा. गुरांच्या चराईचा हक्कही त्याच सभेंत मांडावा, कारण तोही खराच आहे.

घराच्या छपरासाठीं फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना आली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटास ३०,००० रुपये व तीन किलोवॉट किंवा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये असें अनुदान आहे. एक किलोवॉटापासून रोज सरासरी चार, म्हणजे महिन्यास १२० युनिटें मिळतात. परंतु विक्रेता सांगेल तितकें मोठें यंत्र घेऊं नये. ज्याचा वापर २५० युनिटांचा आहे त्याचीं १२० युनिटें वरच्या दराचीं वांचतात, म्हणजे सुमारें १,६०० रुपये. ज्याचा वापर शंभराचा आहे त्याचीं युनिटें खालच्या दराचीं, वांचतात फार तर ६८० रुपये. स्थिर आकार तर दोघांसही चुकत नाहीं. म्हणून पहिल्यानें पॅनेल बसवावें, दुसऱ्यानें आधीं पंखे बदलावे. कर्ज काढून तीन किलोवॉट बसविणें व घरांत ८० युनिटें जाळणें, हें दोन एकर कोरडवाहूसाठीं ट्रॅक्टर घेण्यासारखें आहे.

मागणें काय?— आपल्या संघास आमच्या चार सूचना आहेत. पहिली, संघाच्या कचेरींत आठवड्यांतून एक दिवस बिल वाचून दाखविणारा एक जाणता माणूस बसवावा. दुसरी, सभासदांनीं आपलीं बारा महिन्यांचीं बिलें आणून द्यावीं व त्यांवरून गांववार युनिटांची व रकमेची एक नोंदवही करावी. तिसरी, कपॅसिटर, कमी वॉटचे पंखे व दिवे संघानें खतांप्रमाणेंच ठोक भावानें मागवून सभासदांस द्यावे. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: दरवाढीचा अर्ज आयोगापुढें येईल व हरकती मागविल्या जातील, तेव्हां मराठवाड्यांतील शेतकऱ्यांच्या वतीनें संघानें लेखी हरकत दाखल करावी व सुनावणीस माणूस पाठवावा. कारखानदार तेथें वकील घेऊन जातात; शेतकऱ्याच्या नांवानें मात्र बहुधा दुसरेच बोलतात.

जून २०२४ मध्यें सामान्य घरांस पैसे आगाऊ भरण्याचीं मीटरें बसविलीं जाणार नाहींत असें सरकारास जाहीर करावें लागलें, तें लोकांनीं आवाज उठविल्यामुळेंच. आंकडे घेऊन बोललेलें ऐकलें जातें. तेव्हां वाचकांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर खुंटीवरचें बिल काढावें, गेल्या बारा महिन्यांचीं युनिटें एका कागदावर उतरवावीं, आणि तो कागद दिवाळीपूर्वीं संघाच्या कचेरींत पोंचता करावा. नोंदवहीचें काम आम्ही विनावेतन करण्यास तयार आहों.